पाळीवरचा पटवारी

आसगाव
१७ ऑक्टोबर २०२४

चि. कुंता,

दारात पोस्टमन पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुझा सख्खा भाऊ मारोतराव जिवंत आहे आणि त्यानेच हे लिहिलं आहे. माझा मोबाइल बोडीत पडला. दुकानदाराकडे नेला, तर तो म्हणाला, "भाऊ, याले आता पाण्यातच राहू द्या." नवीन घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. कानाशी सदोदित कटकट. लग्न होऊन तू लाखांदूरला गेलीस तेव्हा आपण पत्रंच लिहीत होतो ना? तसंच आता लिहू.

एक सांगायचं आहे, रागावू नकोस. यंदा भाऊबीजेला येऊ नकोस, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेलाही येऊ नकोस. घराच्या छपराचे कवेलू उतरवले आहेत, सगळीकडे माती झाली आहे, तुला झोपायलाही जागा नाही. आणि मंडईच्या नाटकात यंदा मी नाही. खलनायकाचं काम पोरांना दिलं. किती वर्षं माणसानं मिश्या पिळत किंचाळायचं? आवाजही पूर्वीसारखा राहिला नाही.

बाकी सगळं ठीक. हलका धान कापणीला आला. आणि हो, पटवारी आला. कोजागिरीच्या सकाळी तलावाच्या पाळीवरून नेहमीसारखा खालून खालून फिरत होता.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा दादा


लाखांदूर
२४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास कुंताचा नमस्कार.

पत्र मिळालं. आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, पण मला नाही झाला. सणाला येऊ नकोस असं पत्रातून सांगणारा भाऊ तू पहिलाच असशील. कवेलू उतरवायला तुला दिवाळीच सापडली? आणि माती झाली तर झाली, मी काय राजवाड्यातून येते? वहिनी गेल्यापासून तुझ्या घरात चूल मीच सारवते ना दर दिवाळीला?

भूपेंद्रला नागपुरात फोन लावला. सकाळी म्हणाला, "बाबा शेतात गेले, आत्या." दुपारी म्हणाला, शेतात. दिवे लागले तरी शेतातच. एवढी शेती आपल्या बापानं ठेवली असती तर! आणि नागपुरात बसून त्याला तुझं शेत कसं दिसतं, तेही विचारायचं होतं. पण त्यानं फोन ठेवून दिला.

पटवारी आला हे वाचून मात्र बरं वाटलं. बाबांनीच त्याला ते नाव दिलं होतं. आपण दोघं बांधीच्या धुऱ्यावर डबा वाजवत बसायचो, धानावर पाखरं बसू नयेत म्हणून. तो आला की डबा वाजवायची गरजच पडत नसे. बाबा म्हणत, "हा पटवारी हाय. कोनाच्या बांधीत किती उंदीर, सारं मोजून जाते." खरंच तसाच जायचा तो, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, एक पट्टा संपला की वळून दुसरा. दोनचारदा पंख मारायचा, मग पंख वर उचलून तसाच तरंगत राहायचा. अंग तपकिरी आणि डोक्यावर लोण्याच्या रंगाची टोपी. तू म्हणायचास ती पटवाऱ्याची बायको आहे, खरा पटवारी राखी पंखांचा असतो. आठवतं?

मी भाऊबीजेला येते. मला जमिनीवर झोपता येतं.

कुंता


आसगाव
३१ ऑक्टोबर २०२४

चि. कुंता,

येऊ नकोस म्हटलं ना. हट्ट करू नकोस. मी घरी नसेन, पवनीला एका कामात अडकलो आहे, दिवसभर बाहेरच असतो. दिवाळी करा, जावईबापूंचं दुकान सणाला सोडता येत नाही हे मला कळतं. पुढच्या वर्षी पाहू.

तुला पटवाऱ्याचं वेड आहे म्हणून लिहितो. काल सायंकाळी तो मोहाच्या शेंड्यावर बसला होता. पाळीवरचा तो वाकडा मोह, आपण ज्याच्यावर चढायचो तोच. तिथे बसून असा ओरडला की पाण्यातली सगळी अडई बदकं एकदम उठली. पार पलीकडच्या काठापर्यंत आवाज गेला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावा असा. मी कितीतरी वेळ ऐकत उभा होतो.

आता थांबतो. हात दुखतो.

दादा


लाखांदूर
७ नोव्हेंबर २०२४

दादा,

भाऊबीज झाली. पाट मांडला, रांगोळी काढली, दुपारपर्यंत बसच्या वेळा मोजत बसले. तू येऊ नकोस म्हणालास, मी येत नाही म्हणाले नव्हते; पण सचिनचे बाबा म्हणाले, "नाही म्हणते तं काहून जातेस? मान ठेव त्याचा." म्हणून थांबले. सायंकाळी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, दादा. शेजारची मेघा विचारत होती, मामा बरे आहेत ना? मी म्हटलं, पत्र लिहून त्यालाच विचार.

रागाच्या भरात तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि आणखी राग आला. पटवारी मोहाच्या शेंड्यावर बसला? तो कधी झाडावर बसतो का? आपल्या जन्मात त्याला धुऱ्यावर, ढेकळावर, नाहीतर गवतात उतरलेला पाहिलं. आणि ओरडला? त्याचा आवाज तू कधी ऐकलास? आई तर म्हणायची, हा आपला आवाज त्याच्या गावी ठेवून येते. चार-पाच महिने आपल्या तलावावर काढतो आणि चकार शब्द बोलत नाही. तू तलावावर गेलाच नाहीस. उगाच मला गप्प करायला काहीतरी लिहिलंस.

तू माझ्यावर का रुसला आहेस ते मला कळलं आहे. एकोडीला माझ्या रुचिताच्या लग्नात, व्याह्यांच्या सगळ्या मंडळींसमोर, मी तुझ्या हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा हिसकून नालीत फेकला. म्हटलं, "मांडवात तरी तोंड रिकामं ठेव." सगळे हसले. तू नंतर जेवलासुद्धा नाहीस. तेव्हापासून तुझं बोलणं तुटक झालं. आता समजतं, फोन बोडीत पडला नाही, तू मला फोनवर नको आहेस.

चुकलं माझं. एवढ्या माणसांत तुझा मान मी ठेवायला हवा होता. खा बापा खर्रा, तोंड तुझं आहे. यापुढे मी तुझ्या हाताला हात लावणार नाही. पण माझ्याशी बोल. आई-बाबा गेले, वहिनी गेली, आता माहेर म्हणून मला तुझ्याशिवाय कोण आहे? तूच अबोला धरलास तर मी कोणाच्या दारात जाऊन भांडू?

कुंता


आसगाव
१८ नोव्हेंबर २०२४

कुंता,

मी रुसलेलो नाही. आईची शपथ.

खर्रा फेकलास ते चुकलं नाही. याच्यापुढे त्याची माफी मागू नकोस, माझ्याच्यानं ती वाचवत नाही.

पटवाऱ्याचं तू पकडलंस. खोटंच होतं ते. तूच तुमच्या तलावावर जा आणि काय दिसतं ते मला लिही. तू लिही, मी वाचतो.

येऊ नकोस.

दादा


लाखांदूर
३० नोव्हेंबर २०२४

दादा,

मी आसगावला जाऊन आले.

मंडईच्या दिवशी गेले. एसटीत बसायला जागा नव्हती, सगळ्या लेकी माहेरी निघालेल्या. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, माझ्याही होती. तुझ्या दाराला कुलूप होतं. कवेलू जागच्या जागी होते, एकही हललेला नव्हता. अंगणात पालापाचोळा साचला होता आणि तुळस वाळली होती.

जागेश्वर शेजारून बाहेर आला. मला पाहून पुन्हा आत जायला लागला. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "बाई, मले इचारू नको. दादानं शपथ घातली हाये." मग मी त्याला माझीही शपथ घातली. तो बिचारा दोन शपथांत सापडला आणि पायरीवर बसून रडायलाच लागला. तेव्हा सांगितलं. नागपुरात दवाखान्यात आहेस. तोंडाचा कॅन्सर आहे. जीभ काढली. तू पत्र लिहून त्याच्याकडे पाठवतोस, तो आसगावच्या पेटीत टाकतो. माझी पत्रं तो तुझ्याकडे पोचवतो. "दादाले बोलता येत नाही आता, बाई. फोन कायले लावन ते?"

मी तुला लिहिलं होतं, खा बापा खर्रा. हे तू दवाखान्यातल्या खाटेवर वाचलंस.

मंडईत गेले नाही. नाटकाचा मांडव लागला होता, भोंग्यावर कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. तुला कधी भोंगा लागला नाही. मी पाळीवर गेले आणि सायंकाळची बस निघेपर्यंत बसले. तू लिही म्हणालास, म्हणून लिहिते. तुझ्यासमोर भिंतच असणार दवाखान्याची.

पटवारी आला. बायको आली म्हणायला हवं, लोण्याच्या टोपीची. बेशरमाच्या झुडपांवरून इतकी खालून आली की पाय पानांना लागत असतील. पाण्यात चांदव्यांचा थवा होता, तिला पाहून सगळे एकमेकांना चिकटले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धान उभा असतानाच टाकलेली उतेऱ्याची लाखोळी उगवली आहे ना, त्या हिरव्या बांधीवरून गेली आणि मध्येच हवेत थांबली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. उलटी फिरली, पाय लोंबते सोडले आणि खाली गेली. दिसत काही नसेल तिला त्या गवतात. ऐकूनच गेली असणार. उंदीर घेऊन धुऱ्यावर बसली, झाडावर नाही. आणि आवाज काढला नाही, दादा. एकदाही नाही.

मी नागपूरला येते. कोणता दवाखाना, ते भूपेंद्रला सांगायला लाव.

कुंता


नागपूर
११ डिसेंबर २०२४

चि. कुंता,

आता गावाचं नाव खरं लिहायला हरकत नाही.

उन्हाळ्यातच गालात आतून फोड होता. एकोडीच्या लग्नातही होता. तू खर्रा फेकलास तेव्हा मला राग आला, कारण तू बरोबर होतीस आणि मला ते तुझ्याआधी कळलं होतं. जेवलो नाही तो रुसून नव्हे, तिखटानं आग होत होती. तरी बाहेर जाऊन दुसरा खर्रा घोटून घेतला. आपल्याकडच्या माणसाला अक्कल येते, पण नेहमी दवाखान्यात येते.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. जीभ गेली, डाव्या बाजूचं जबड्याचं हाड गेलं. नाकातून नळी आहे. मला पाहून आरशालाही कसंतरी होतं. तुला का कळू दिलं नाही? तू आली असतीस, माझं तोंड पाहून रडली असतीस, आणि मला "रडू नको" म्हणता आलं नसतं. एवढंच. मोठ्या भावाला तेवढं तरी म्हणता यायला पाहिजे.

म्हणून येऊ नकोस. हे खरोखर मागतो आहे.

तो पटवारी ओरडला असं का लिहिलं, तेही सांगतो. तो ओरडत नाही हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी दिवाळी होती, सगळ्या वॉर्डात नातेवाईक बोलत होते आणि मी मुका पडलो होतो. लिहिता लिहिता वाटलं, कोणीतरी माझ्या वाटचं ओरडावं. गावात मोठ्यानं ओरडणारा मीच होतो, मी नाही तर दुसरा कोण? त्यालाच उभं केलं.

सूनबाईनं, रीनानं, पाखरांचं पुस्तक आणून दिलं. पोरगी चांगली आहे, जास्त बोलत नाही आणि मला बोलता येत नाही याची लाज वाटू देत नाही. त्या पुस्तकात आपल्या पटवाऱ्याचं नाव दलदल भोवत्या आहे. दूर थंडीच्या मुलखातून येतो आणि आपल्याकडे गप्पच असतो, तिकडे घरटं बांधतो तेव्हा ओरडतो, असं लिहिलं आहे. म्हणजे आईचं खरं. घुबडासारखा चेहरा असतो म्हणून गवतातली खसखससुद्धा कानात पडते. आणि रात्री झाडावर नाही, जमिनीवर झोपतो, गवतात, चार-पाच मिळून. आपण एवढी वर्षं त्याला पाहिलं, पण तो झोपायला कुठे जातो हे कधी शोधलं नाही. दिवे लागायच्या आत आई घरात बोलवायची.

तू शोध. मला सांग.

दादा


आसगाव
५ जानेवारी २०२५

ती. दादा,

वरचं गाव वाचलंस ना? मी तुझ्या घरात बसून लिहीत आहे. जागेश्वरकडून किल्ली घेतली. तू नागपूरला येऊ देत नाहीस, पण माहेरी यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. सचिनच्या बाबांना म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "जा, दुकान मी पाहून राहिलो ना." घर झाडलं, चूल सारवली, नवी तुळस लावली. तुझी खाट ओसरीवर काढून उन्हात टाकली. आता तुला येता येईल.

पटवारी झोपतो कुठे, ते सापडलं. तुझं पुस्तक खरं बोलतं. तलावाचं पाणी मागे सरकलं की दक्षिणेच्या पाळीखाली ते कमरेएवढं गवत राहतं ना, जंगली देवधानाच्या पलीकडचं, तिथे. दिवस मावळला की एकेक करून येतात. चार आहेत. त्यात एक खरा पटवारी, राखी पंखांचा, टोकं काळी. थोडा वेळ गवतावरून फिरतात, खाली उतरल्यासारखं करतात, पुन्हा उठतात. आणि मग एकदम बसतात ते दिसेनासेच होतात. मी पाळीवर उभी असते आणि माझ्यापासून दगड फेकला तर लागेल एवढ्यावर ती झोपलेली असतात. कोणाला खरं वाटेल?

एक भांडण झालं. गावातल्या पोरांनी ते गवत आणि बेशरम पेटवून द्यायचं ठरवलं होतं, मासेमारीला अडतं म्हणून. मी जागेश्वरला म्हटलं, दादा येईपर्यंत थांबा, त्याला ते पाहायचं आहे. तो म्हणतो, "बाई, तू पाहुणी म्हनून आली का गावावर राज्य कराले?" मी म्हटलं, राज्यच समज. हसला, पण ऐकलं. दादा येईपर्यंत कोणी काडी लावणार नाही, असं पोरांनी कबूल केलं आहे. तुझ्या आवाजाला ही पोरं लहानपणी मांडवात भ्यायची, ते अजून आठवतं त्यांना.

तर आता तू कधी येतोस, तेवढंच कळव. होळीनंतर पटवारी थांबत नाही.

कुंता


नागपूर
२४ जानेवारी २०२५

चि. कुंता,

मानेत गाठी आल्या आहेत. मोठे डॉक्टर आज खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. ते बसले तेव्हाच मी समजलो, एरवी त्यांना उभं राहायलाही वेळ नसतो. म्हणाले, घरी न्या. भूपेंद्र बाहेर जाऊन रडून आला आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणाला. त्यालाही नाटकात काम देण्यासारखं नाही.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण तू पकडशील. वाटलं. भीतीही वाटली. पण मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि वाटलं, घरी म्हणजे आसगावलाच ना? ओसरीवर खाट आहे, कुंता आहे, पाळीखाली गवतात ती चार जणं आहेत. मला एकदाच तिथे उभं राहून त्यांना उतरताना पाहायचं आहे. दुसरं काही मागत नाही. भूपेंद्र म्हणतो, पाळीपर्यंत गाडी जाते.

जखम थोडी सुकली की सोडतील. शिवरात्रीच्या आसपास निघू. आता तू मला पाहशील, त्याचा विचार करून ठेव. रडायचं असेल तर आधीच रडून घे.

गवत सांभाळ.

दादा


आसगाव
१४ फेब्रुवारी २०२५

दादा,

गवत गेलं.

गावातल्या पोरांनी लावलं नाही, त्यांच्यावर बोल ठेवता येत नाही. पलीकडच्या धुऱ्यावर कोणीतरी वाळलेली तणस पेटवली आणि घरी निघून गेलं. सायंकाळी वारा सुटला. मी घरात तुझ्यासाठी गोधडी शिवत होते. पाळीकडे उजेड दिसला तेव्हा धावले. जागेश्वर, पोरं, सगळे फांद्या घेऊन धावले. पण वाळलेलं गवत ते, तोंडातला शब्द संपायच्या आत संपलं.

ती नुकतीच उतरली होती. दोन उठताना मी पाहिली, धुरात गोल फिरली आणि तलावापलीकडे गेली. बाकीची दिसली नाहीत.

सकाळी राखेत गेले. एक सापडली, टोपीची. एवढ्या जवळून मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाय हळदीसारखे पिवळे आणि किती लांब. चेहरा खरंच घुबडासारखा, गोल. चोच उघडी होती. आवाज आला नसेल. मी पदरात घेऊन वाकड्या मोहाखाली पुरली. तेव्हापासून रोज सायंकाळी जाऊन उभी राहते, कोणी येत नाही. राखेवरून बगळेसुद्धा फिरत नाहीत.

आता हे तुला कसं सांगू? तू एकच गोष्ट मागितलीस आणि ती माझ्याच्यानं सांभाळली गेली नाही. एवढं लिहिलं तेव्हा समजलं की हे पत्र मी टाकणार नाही. जागेश्वर दोनदा विचारून गेला, "बाई, नागपूरची चिठ्ठी देतेस का?" नाही म्हटलं. भूपेंद्रला फोनवर एवढंच सांगितलं की सगळं ठीक आहे, घेऊन ये.


आसगाव, ओसरी
२ मार्च २०२५

दादा,

तू समोरच्या खाटेवर आहेस आणि मी उंबऱ्याशी बसून तुला पत्र लिहीत आहे. जागेश्वर पाहून गेला, त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण मी बोलायचं आणि तू पाटीवर लिहायचं, हे मला बरोबरीचं वाटत नाही. आपण पत्रं लिहायचं ठरवलं होतं, तसंच चालू दे. पोस्टमनचे कष्ट वाचले.

तू आलास त्या दिवशी मी रडले नाही, पाहिलंस ना? आधीच रडून घेतलं होतं, तू सांगितल्याप्रमाणे. तुझं तोंड मला वेगळं वाटलं नाही. डोळे तेच आहेत.

दोन दिवस तू पाटीवर दोनच गोष्टी लिहितोस, पाळीवर ने आणि पटवारी आला का. डॉक्टरांनी उठू नको म्हटलं आहे, आणि बसवलं की तुला चक्कर येते हे रीनानंही पाहिलं. म्हणून मीच जाऊन आले. आज दुपारी तू पुन्हा लिहिलंस, पटवारी आला का?

आला, दादा. आताच पाहून आले. सगळे आले. सूर्य पाण्याला टेकला तसे एकेक करून गवतावरून फिरायला लागले. राखी पंखांचा सर्वांच्या शेवटी आला. तो गवतात उतरला नाही. वाकड्या मोहाच्या पार शेंड्यावर जाऊन बसला आणि ओरडला. असा ओरडला की पाण्यातल्या अडई एकदम उठल्या आणि पलीकडच्या काठापर्यंत आवाज गेला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावा असा. भोंगा लागला नाही त्याला.

तुला इथपर्यंत ऐकू आला असेल.

कुंता


ओसरी
२ मार्च

कुंते,

ऐकू आला.

परवा येताना गाडी पाळीवरूनच आली. दवाखान्याच्या गाडीलाही खिडकी असते. काळं रान मी पाहिलं आहे. तुला दोन दिवस विचारत राहिलो, कारण ते तू एकटीनं मनात ठेवून बसली होतीस आणि मला पाहवत नव्हतं. वाटलं, विचारलं की सांगून टाकशील आणि मोकळी होशील. तू भलतंच सांगितलंस.

लिहून दिलंस ते बरं केलंस. तोंडानं सांगितलं असतंस तर आवाज फसला असता. लहानपणी तुला नाटकात काम देत नव्हतो ते याच्यासाठीच.

गवत पाऊस पडला की पुन्हा येतं. पटवारीही पुढच्या कोजागिरीला येतील. तेव्हा तू इथे ये, घर उघड, आणि खरं काय ते पाहा. तोवर मला हेच चालेल.

आता दिवा लाव, अंधार झाला. उद्या पुन्हा लिही.

दादा